फुटबॉलच्या नावानं लादीन

फुटबॉल मला आवडायचा नाही. आजही आवडतो असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही. बावीस माणसं एका चेंडूमागं धावतात आणि दीड तासानं निकाल काय, तर शून्य-शून्य! आमच्या ग्रामसभेतसुद्धा याहून जास्त घडतं, निदान एखादी खुर्ची तरी मोडते. तरी गेलं अख्खं वर्ष मी फुटबॉल बघितला. इंग्लंडमधल्या क्लबांचा बघितला, आफ्रिकेतल्या देशांचा बघितला, युरोपातल्या ज्या मॅची इथल्या मध्यरात्रीनंतर असतात त्या सकाळी चहाबरोबर बघितल्या, आणि शेवटी विश्वचषक. गॅसवर बांगड्याची कढी आणि फळीला टेकवलेला मोबाइल. कढी फुटायची आणि मी कॉर्नर किक बघत असायची.

कारण माझा नवरा. तो जहाजावर, इंजिनरूममध्ये. मालवणाजवळच्या आमच्या ख्रिस्ती वाडीत दोन-तीन घरांमागं एक तारवटी सापडतोच. जहाजावर नोकरी करणाऱ्याला आमच्यात तारवटी म्हणतात. आठ-नऊ महिने दर्यावर, उरलेले घरी. सासरेही तारवटी होते. त्यांना मी पप्पा म्हणते. आता गुडघे गेलेत, कानांनी कमी ऐकू येतं, पण मान अजून जहाजाच्या डोलकाठीसारखी ताठ. त्यांचं एक वाक्य सगळ्या वाडीला पाठ आहे. "भिणाऱ्यान दर्यात जावचा नाय, आणि दर्यात गेलेल्यान भिवचा नाय." माझा नवरा शाळेत होता तेव्हापासून हे वाक्य त्याला जेवणाबरोबर वाढलेलं.

गेल्या ऑगस्टात नवरा निघाला तेव्हा बॅग भरता भरताच आमचं वाजलं. आदल्या खेपेला फोनवर आम्ही भांडणाशिवाय काही केलं नव्हतं. पंप बिघडला, पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांचं छप्पर गळतंय, त्याच्या बहिणीनं मला काय म्हटलं, मी तिला काय म्हटलं. तिकडून सिग्नल तुटक, इकडून माझं तोंड अतूट.

तो म्हणाला, "गो, ह्या खेपेक फोनार झगडो नको. तू मॅच बघ. मी पण बघतंय. फोन केलंय की मॅचीवर बोलूया."

"आणि घरचा काय?"

"घरचा मेसेजात लिही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! म्हटलं, "शिरा पडो तुझ्या मॅचीच्या तोंडार! बायलेवांगडा बोलाक तुका चेंडू लागता काय?"

तो हसला. मग जरा गंभीर होऊन पप्पांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला, की काळजीचं कारण नाही, कंपनी ह्या वर्षी तांबड्या समुद्रातून जहाजं पाठवत नाही. आखाती देशातून युरोपला जायचा तो जवळचा रस्ता. पण त्या चिंचोळ्या पाण्यात जहाजांवर किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रं सोडतात, हे आमच्या वाडीत पोराटोरांना माहीत. "आफ्रिकेक वळसो घालून जातलंव. दिस जास्त लागतीत, पण बिनघोर." पप्पा नाक मुरडून म्हणाले, "आमच्या वेळेक असले वळसे नव्हते." मी मात्र घरातल्या आल्तारावरच्या सायबिणीपुढं, म्हणजे मारियामातेपुढं, मेणबत्ती लावली आणि मनातल्या मनात कंपनीचे आभार मानले.

मग सुरू झाली माझी शाळा. ऑफसाइड काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी पप्पांनीच शिकवलं. "रापण ओढूक एक जण हात लावणा नाय, आणि मासळी गावतली म्हणून सगळ्यांच्या आदी टोपली घेवन फुडे जावन उभो ऱ्हवता मां? तो ऑफसाइड." रापणीचं जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं असतं, आणि असा टोपलीवाला आमच्या किनाऱ्यावर मी कितीदा बघितलाय. त्या दिवसापासून ऑफसाइड माझ्या डोळ्याला पंचाच्या आधी दिसायला लागला.

नवऱ्याचा जीव लाल शर्टवाल्या एका इंग्लिश क्लबवर, पप्पांचा पोर्तुगालवर. पूर्वज गोव्याहून आले म्हणून पोर्तुगाल, दुसरं कारण काय असणार! माझा जीव कुणावरच नव्हता. पण शनिवार-रविवारी मॅच संपली की फोन यायचा आणि आम्ही दोघं पेनल्टीवरून तावातावानं भांडायचो. महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की छपरावरून भांडताना जो कडवटपणा राहायचा तो पेनल्टीवरून भांडताना राहत नाही. फोन ठेवल्यावर मी चक्क गुणगुणत भांडी घासायची. हे त्याला सांगितलं नाही. लगेच शेफारला असता.

नाताळ त्याच्याशिवायच गेला. नेवऱ्या केल्या, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल केलं, अंगणात चांदणी टांगली. त्याच दिवसांत आफ्रिकेतल्या देशांची स्पर्धा सुरू झाली होती, आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकाच्या देशात. सकाळी नवऱ्याचा मेसेज आला होता, की आम्ही त्याच देशाच्या समोरून चाललोय, स्टेडियमवर दगड मारला तर लागेल. मी खूश. रात्री जेवणाच्या वेळी मॅच लागली. आमच्याकडं मिट्ट काळोख आणि टीव्हीवर लख्ख ऊन. गोलकीपर डोळ्यांवर हाताची झापड धरून उभा, निम्म्या मैदानावर तिरकं, झगझगीत ऊन. पप्पा टीव्हीच्या काचेला नाक लावून बसलेले. तेवढ्यात फोन आला.

"बघतंस मां?" नवरा म्हणाला. "मी जेवणाच्या खोलयेत बघतंय. आत्ताच डेकवरसून इलंय. सूर्य काय झकास बुडालो गो! सगळो दर्या तांबडो."

"बुडालो?" मी म्हटलं.

"होय, आत्ताच. काळोख पडता हा."

मी टीव्हीकडं बघितलं. गोलकीपर अजून उन्हाला हात आडवा धरून उभा होता, त्याची सावली गवतावर ठसठशीत.

आधी वाटलं, ढग आले असतील. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी हात धुतले आणि फोनमधला नकाशा उघडला. सूर्य आमच्याकडं आधी मावळतो आणि पश्चिमेला उशिरा, एवढं शाळेत शिकवलेलं. जहाज खरंच त्या देशासमोर असतं तर नवऱ्याच्या डोक्यावरही तेच ऊन असायला हवं होतं. त्याच्याकडं संध्याकाळ होती, म्हणजे तो तिथवर पोचलाच नव्हता. तो आमच्या आणि त्या देशाच्या मध्ये कुठंतरी होता. मध्ये काय आहे? वाळवंट, आणि त्या वाळवंटांच्या बेचक्यात तो चिंचोळा समुद्र.

मी तशीच ओट्याला धरून उभी राहिले. पप्पा बाहेरून ओरडत होते, "गोल! गो, गोल झालो!"

खोटं बोलला म्हणून राग आला. इतका राग, की तो समोर असता तर कढीचं भांडं त्याच्या डोक्यात घातलं असतं. आणि त्याच वेळी वाटत होतं की तो समोर असावा, बस्स, दुसरं काही नको. पण बोलायचं कुणाशी? आमच्याकडं दर्यावरच्या माणसाबद्दल वाईट शब्द तोंडातून काढत नाहीत. काढला की तो शब्द पाण्यावरून त्याच्यापर्यंत पोचतो आणि खरा होतो म्हणतात. मी शिकलेली बाई, पण ह्या बाबतीत शिक्षण काही कामाला आलं नाही. शिवाय पप्पांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, त्यात काय, तारवट्यानं वळसे घालत फिरायचं काय? आणि मुलानं भिऊन खोटं सांगितलं म्हणून वाडीभर त्याची टर उडवली असती. मी गप्प बसले.

पुढच्या फोनला मात्र मी मॅचबद्दल बोलता बोलता मध्येच विचारलं, "थंय उजेड आसा?"

तो जरासा थांबला. मग म्हणाला, "इल्लोसो आसा. जाताहा आता."

मग मी दर फोनला विचारायला लागले. मॅच इथं लागते त्याच क्षणी तिथं लागते, म्हणून उजेड किती ते कळलं की तो कुठं असेल ते मला साधारण कळायचं. इकडं काळोख आणि तिकडं लख्ख ऊन असं तो ज्या रविवारी म्हणाला त्या रविवारी मी समजले, गेला एकदाचा पलीकडं, युरोपाच्या बाजूला. त्या दिवशी त्याचा क्लब हरला आणि तो सुतकी आवाजात बोलत होता. मी म्हटलं, "मरांदे रे, परत जिंकतीत." माझ्या आवाजातला आनंद त्याला बोचला असणार.

पण गेलेलं जहाज परत येतं. जाताना ज्या तोंडातून गेलं त्याच तोंडातून. फेब्रुवारीत ते परत निघालं आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना. अंगण झाडलेलं परत झाडायची. तारकर्लीच्या वाळूत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची आणि घरी आल्यावर वाटायचं, आपण गेलोच नव्हतो. खोल्यांवर उतरलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, "उद्या डॉल्फिन नक्की दिसतील ना?" म्हटलं, "त्यांनाच विचारा." बिचाऱ्यानं नाश्ता न करता खोली सोडली. चूक माझीच, पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

अशातच एका संध्याकाळी फोन आला. मॅच होऊन गेली होती. नवरा सुरू झाला तो थांबेचना. तो गोल ऑफसाइड कसा नव्हता, पंच आंधळा कसा, पाठीमागचा खेळाडू रेषेच्या किती आत होता. एकच एक, परत परत, ओरडून ओरडून. मी दोनदा विचारलं, "थंय उजेड आसा?" त्याचं लक्षच नाही. परत पंच, परत रेषा. इथं माझा जीव टांगणीला लागलेला, आणि ह्याला ऑफसाइड! मी म्हटलं, "घाल तो ऑफसाइड चुलीत!" आणि फोन कापला.

त्यानंतर फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मेसेजला उत्तर नाही. पप्पा म्हणाले, "सिग्नल नसात. आमच्या वेळेक तर महिनो महिनो कागद येय नव्हतो."

तेव्हा मी लादीन घालायचं ठरवलं. वाडीच्या वळणावर खुरीस, म्हणजे क्रूस आहे, तिथं जमून प्रार्थना म्हणायची, मेणबत्त्या लावायच्या, उकडलेले चणे वाटायचे, बाप्यांना दारूचा एकेक घोट द्यायचा, ही आमची लादीन. कुणी आजारी असलं, कुणाचा नवस फिटला की घालतात. पण लादीन घातली की लोक विचारणार, कशासाठी? दर्यावरच्या माणसासाठी म्हटलं की तोंडातून वाईट काढल्यासारखंच. म्हणून मी सांगितलं, "रविवारी घोवाच्या क्लबाची मोठी मॅच आसा, ती जिंकूक व्हयी."

वाडी हसून हसून लोळली. आम्हाला मासळी देणारी बाई टोपली खाली ठेवून म्हणाली, "गो बाये, फुटबॉलात देवाक कित्याक खेळवतंस? तो काय गोलकीपर आसा?" पण रविवारी तीच शेवंतीची वेणी घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्या भगवतीक पण सांगलंय हां." पप्पा भडकले. "तीस वर्सां दर्यावर काढलंय. माझ्यासाठी लादीन झाली ती समजाक येता. चेंडवासाठी? लाज नाय?" तरीही आले, काठी टेकत, आणि सगळ्यात वरच्या सुरात प्रार्थना म्हटली. मी खुरसाला हात लावून जे मागितलं त्यात क्लबाचं नाव एकदाही नव्हतं. चणे वाटताना माझं लक्ष फोनकडं, निम्मे मातीत सांडले.

रात्री सगळी वाडी आमच्याकडं मॅच बघायला. आणि क्लब हरला. वाईट हरला. लोक माझ्याकडं कणवेनं बघत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"हरलंव गो," नवऱ्याचा आवाज. खोल गेलेला, पण त्याचाच.

"थंय उजेड आसा?"

"खंयचो उजेड! काळोख पडून कितीसो वेळ झालो. हंय आता तुमच्यासारखीच रात."

तुमच्यासारखीच रात. म्हणजे अरबी समुद्र. म्हणजे बाहेर आला. मी तोंडावर पदर घेऊन ढसाढसा रडले. आयाबाया धावल्या. एकीनं पाणी आणलं, एकीनं पाठीवर हात फिरवला, "जावंदे गो, फुडच्या वर्सा जिंकतीत, खेळ तो." मासळीवाली म्हणाली, "इतक्या मनाक लावन घेवचा नाय." मी रडता रडता हसायला लागले तेव्हा तर त्यांना खात्रीच पटली की बाई फुटबॉलनं वेडी झाली. उरलेले चणे मी सगळ्यांच्या ओट्यांत रिकामे केले.

मेअखेरीस तो घरी आला. वजन उतरलेलं, दाढीत पांढरे केस. मी काही विचारलं नाही. ठरवलं होतं, आल्या आल्या फाडून खाईन, पण तो अंगणात चपला काढत होता आणि ते बघूनच माझं सगळं भांडण विरघळलं.

जूनमध्ये विश्वचषक सुरू झाला. ह्या वेळी अमेरिकेच्या बाजूला, म्हणून कितीतरी मॅची आमच्याकडं सकाळी. होड्या वर ओढलेल्या, खोल्या रिकाम्या, आम्ही तिघं आंबोळ्या घेऊन टीव्हीपुढं. बाहेर गडगडलं की नवरा ताटावरून उठून आत जायचा. पप्पा हसायचे, "काय रे, ढगांक भितंस?" तो म्हणायचा, "पाणी पिवक गेल्लंय."

पोर्तुगालची मॅच होती त्या सकाळी मुंबईहून एजंटचा फोन आला. नवीन खेप. पुढच्या महिन्यात निघायचं. नवरा कार्यालयातल्यासारखं शुद्ध बोलत होता, "हो सर. नाही सर. दहा मिनिटांत कळवतो, सर." फोन ठेवला आणि टीव्हीकडं बघत बसला. मला राहवलं नाही.

"विचारलंस तेंका? ह्या खेपेक तरी खऱ्यान वळसो घालतले?"

पप्पांनी मान वळवली. "खऱ्यान म्हणजे?"

नवरा माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाताळापासून ठावक आसा मां तुका?"

"तुका कसा कळला?" मी म्हटलं.

"गो, लग्नाक इतकी वर्सां झाली, तू कदी उजेडाची चवकशी केलंस? तू विचारूक लागलंस तेवाच समाजलंय. खोटा सांगूक येय होता. पण नाय सांगलंय. वाटला, मी खंय आसंय ता एका तरी माणसाक ठावक असाक व्हया."

मग तो पुढं बोलला, मोठ्यानं, पप्पांना ऐकू जाईल असं, पण त्यांच्याकडं न बघता. "त्या दिवशी ऑफसाइडवरसून बोंबलत होतंय मां, तेवा आमच्या फुडचा जहाज पेटला होता. खिडकेतसून दिसत होता. माणसां उडये मारीत होती. बोलणा थांबवलंय तर काय होयत तां कळेना, म्हणून बोलत ऱ्हवलंय. मगे तू फोन कापलंस."

आंबोळीचा घास माझ्या हातातच राहिला. मी त्याचा हात धरला, पप्पांसमोर, जे आमच्या घरात कधी होत नाही.

"पप्पा," तो म्हणाला, "माका भिती वाटता. माका जावचा नाय."

टीव्हीवर लोक ओरडत होते. पप्पांच्या तोंडाकडं बघायची माझी छाती होईना. फोन परत वाजायला लागला. नवऱ्यानं हात पुढं केला नाही. मीही नाही. पप्पा काठी घेऊन उठले, टेबलापर्यंत गेले, फोन कानाला लावला आणि मान ताठ केली.

"नमस्कार. मी त्याचा बाप बोलतोय. तो येणार नाही." समोरून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, आजारी नाही. घरचंही काही कारण नाही. त्याला भीती वाटते." परत काहीतरी विचारलं गेलं. पप्पांचा आवाज चढला. "भीती, साहेब, भीती! कारण म्हणून तेच लिहून घ्या."

फोन ठेवून ते परत खुर्चीत येऊन बसले. गुडघे दाबत राहिले. टीव्हीवर तांबड्या शर्टातली पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

"गोल कोणी मारलो?" पप्पांनी विचारलं.

आमच्यातल्या कुणीच बघितला नव्हता.